गप्प बसलेलं यंत्र

एका संगणकाने दुसऱ्याला निरोप पाठवला आणि उत्तर आलं नाही. दुसरा बंद पडला, नुसता रेंगाळला, की निरोपच वाटेत हरवला? पहिल्याला हे ओळखता येत नाही. एकच माहिती पाच यंत्रांवर ठेवली, तर त्यांनी एकमेकांशी विसंगत काही नोंदवू नये यासाठीची सगळी धडपड या संशयातून सुरू होते.

मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये यातली वाईट बातमी गणिताने सिद्ध केली. निरोप किती वेळात पोचेल याची हमी नसेल आणि एखादं जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर ठरीव नियमांवर चालणारी कुठलीही पद्धत एकमताची खात्री देऊ शकत नाही.

तरीही व्यवहार चालतात, ते बहुमताच्या जोरावर. पाचपैकी तिघांनी नोंद केली की निर्णय पक्का. पाचातले कोणतेही तीन आणि पुन्हा कोणतेही तीन घ्या, किमान एक यंत्र दोन्हींकडे असतंच. जुना निर्णय माहीत असलेला साक्षीदार म्हणून नव्या बैठकीत कुणीतरी हजर राहतोच. आपल्या सोसायटीची सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांत उरकते. इथे ती सोय नाही. तिघे नसतील तर काम थांबतं, पण चुकीचं होत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या पायावर ‘पॅक्सॉस’ ही पद्धत रचली आणि १९९० मध्ये ती एका ग्रीक बेटावरच्या प्राचीन संसदेचं उत्खनन केल्याच्या थाटात लिहून एका संशोधनपत्रिकेला पाठवली. व्याख्यानांतही ते हॅट घालून पुरातत्त्वज्ञ बनत. परीक्षकांनी गोष्ट काढून टाकायला सांगितलं, लॅम्पोर्ट चिडले, आणि लेख छापून यायला १९९८ उजाडलं. इतक्या मोलाच्या कल्पनेला हा विनोद महागात पडला, असंच म्हणावं लागेल. पुढे गूगलने तिच्यावर आपली ‘चबी’ ही कुलूपव्यवस्था उभारली खरी, पण पॅक्सॉस डोक्यावरून जातं ही तक्रार कायम राहिली.

म्हणून स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहौट यांचं २०१४ मधलं ‘राफ्ट’ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वेगापेक्षा सुबोधपणा हे त्यांचं उघड ध्येय होतं, आणि तो त्यांनी मोजलाही: ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती शिकवून प्रश्न विचारले, तेव्हा ३३ जणांची राफ्टवरची उत्तरं सरस ठरली. राफ्टमध्ये एक यंत्र म्होरक्या असतं आणि आपण जागे असल्याचे निरोप सतत धाडतं. ते थांबले की बाकीची यंत्रं निवडणूक घेतात. सगळी एकदम उमेदवार झाली तर मतं फुटतील, म्हणून प्रत्येक यंत्र १५० ते ३०० मिलिसेकंदांमधला कुठलातरी काळ दैवावर सोडून निवडतं आणि तेवढं थांबतं. ज्याचा वेळ आधी संपतो, ते बहुधा निवडून येतं. ठरीव नियमांच्या १९८५ मधल्या कोंडीतून व्यवहारात वाट निघते ती अशी थोड्या यदृच्छेने आणि निरोप बहुधा वेळेत पोचतील या भरवशावर. अनेक संगणकांवर प्रोग्रॅम चालवणारी क्युबरनेटीस ही प्रणाली आज आपली सगळी नोंद ‘एटसीडी’ या ज्या माहितीसाठ्यात ठेवते, तो राफ्टवरच चालतो.

पण ही यंत्रं फार तर गप्प बसतात, खोटं बोलत नाहीत, हे दोन्ही पद्धतींनी गृहीत धरलंय. खोटारड्यांचा हिशेब लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीस यांनी १९८२ मध्येच मांडला होता: एक लबाड यंत्र पचवायला एकूण चार यंत्रं लागतात, दोन पचवायला सात.