पूर ओसरतो, ओल गाडीतच राहते

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. २५ जुलै २०२४ला मुठेच्या पाण्याने पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांची पार्किंग भरली. दर वेळी पाणी ओसरल्यावर माणसे आधी घराला लागली, मग दुकानाला. ते साहजिकच आहे. गाडीची पाळी शेवटी येते. पण ओल्या कापडावर आणि फोमवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. म्हणून घर धुवायला काढले, त्याच दिवशी गाडीचे चारही दरवाजे उघडायला हवेत.

सेल्फ मारू नका

‘चालू होते का बघू’ ही पहिली ऊर्मी आवरा. इंजिनात पाणी शिरले असेल तर एकदा सेल्फ मारणेही महागात पडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना त्या पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीचा दावा ‘इंजिन प्रोटेक्ट’चे जादा संरक्षण नसेल तर विमा कंपन्या सहसा नाकारतात. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर पुराची कोणतीच भरपाई मिळत नाही.

गाडी आहे तिथेच राहू द्या. पाणी कुठवर चढले होते ती रेघ दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. सर्व्हेअरची वाट पाहावी लागणार असेल तर साठलेले पाणी काढायची परवानगी फोनवरच मागून घ्या. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड असेल तर मात्र नारिंगी केबलला हात लावू नका. ती सरळ टो करून सर्व्हिस सेंटरला न्या.

पाणी कुठे दडते

पायाखालचे रबरी मॅट उचलले, वरचे कार्पेट पुसले आणि ते हाताला कोरडे लागले, की काम झाले असे वाटते. कार्पेटच्या खाली फोमचा किंवा नमद्यासारखा जाड थर असतो. तो गाडीचा आवाज कमी करायला बसवलेला असतो आणि पाणी धरून ठेवण्यात स्पंजसारखा पटाईत असतो. वर कार्पेट, खाली पत्रा. मधल्या थराला वारा लागतच नाही. तिथली ओल आठवडेच्या आठवडे टिकते, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढवते आणि वास सोडत राहते.

सीट, दारालगतच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मधला कन्सोल काढून कार्पेट पूर्ण उचलणे हाच खरा उपाय. सीटखाली एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायर असतात, त्यामुळे हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. कार्पेट निघाले की पत्र्यातली रबरी बुचे दिसतात. ती काढली की साठलेले पाणी खाली उतरते. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोके असतात, ती गाळाने बुजतात. काडीने मोकळी करा.

आधी धुणे, मग वाळवणे

ओली गाडी पुन्हा धुवायची, हे विचित्र वाटेल. पण पुराच्या पाण्यात गटार, गोठा, उकिरडा सगळे मिसळलेले असते. तो गाळ वाळला तरी जंतूंचे खाद्य आतच राहते आणि पुढच्या दमट दिवशी वास परत येतो. खाडीचे पाणी शिरले असेल तर आणखी पंचाईत, कारण मीठ हवेतली ओल ओढत राहते. गाळ ओला आहे तोवर स्वच्छ पाण्याने काढा, सौम्य साबणाने घासा, पुन्हा धुवा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून धुवा. त्यांना ब्लीच लावू नका. हातमोजे आणि गमबूट हवेतच. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला करू द्या.

पाणी ओढायला ओल्या कामाचा व्हॅक्यूम क्लिनर लागतो. घरातल्या साध्या क्लिनरने विजेचा धक्का बसू शकतो. मग वाळवण. इथे आपला पावसाळा आडवा येतो. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असताना नुसत्या काचा खाली करून गाडी वाळत नाही. उघडीप मिळाली तर उन्हात सगळे दरवाजे उघडा. नाही मिळाली तर छपराखाली मोठा पंखा थेट पत्र्यावर सोडा, कार्पेट आणि खालचा थर वेगळे टांगा. मेकॅनिकने गाडी चालवायला हरकत नाही म्हटल्यावर एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावा. गरम हवा ओल उचलते आणि एसीच्या कॉइलवर ती पाणी होऊन बाहेर पडते. हे मोकळ्या जागेतच करा; बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा धूर जीव घेऊ शकतो.

वाळले का, हे ओळखायला दोन खुणा आहेत. कोरडा वर्तमानपत्राचा कागद खालच्या थरावर दाबून धरा. तो ओलावता कामा नये. आणि सकाळी काचा आतून धुरकट दिसल्या, तर ओल अजून आहे.

वासाचे काय?

पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो, त्यामागचे जिऑस्मिन हे द्रव्य मातीतले सूक्ष्मजीव बनवतात. अब्जावधी कणांत त्याचे मोजके कण असले तरी आपल्या नाकाला ते कळते. ओल्या गाडीतल्या कुबट वासालाही अशीच सूक्ष्मजीवांनी सोडलेली द्रव्ये कारण असतात. ते सूक्ष्मजीव जिवंत आहेत तोवर डॅशबोर्डवरचे अत्तर फक्त एका वासावर दुसरा वास चढवते.

सगळे वाळल्यानंतर खाण्याचा सोडा कार्पेटवर रात्रभर पसरून ठेवा आणि सकाळी ओढून घ्या. आंबूस वास त्याने मरतो. बुरशीच्या डागांवर पाणी घातलेले व्हिनेगर चालते, पण ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्समागे असलेला एसीचा फिल्टर धुत बसू नका, नवाच टाका. ओझोनचे यंत्र वास मारते, पण फुप्फुसांना घातक असते. ते चालू असताना गाडीत कोणी बसू नये आणि नंतर गाडी बराच वेळ उघडी ठेवावी. सांडपाणी सीटच्या फोममध्ये मुरले असेल तर फोम बदलणेच शहाणपणाचे.

पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले असेल, तर वास गेला म्हणजे गाडी बरी झाली असे समजू नका. एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत खाली, मधल्या कन्सोलपाशी असतो. तो तपासल्याशिवाय घरच्यांना त्या गाडीत बसवू नका. आणि अशी गाडी विकायची झाली, तर घेणाऱ्याला पुराचे खरे सांगा, दुरुस्तीची बिले त्याच्या हातात द्या. किंमत थोडी कमी येईल, पण त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची तरी मुले बसणार आहेत.