किराण्याचा रुपया कुणाच्या गावाला?

फराळाच्या यादीत डाळीचं पीठ, पोहे, रवा, साखर असं कितीही लिहा, बिलाचा आकडा फुगवतो तो तेलाचा डबा. घरच्या किराण्यातून देशाबाहेर जाणारा पैसा मोजायला बसलं की सर्वांत मोठं भोकही त्याच डब्याला सापडतं. स्वदेशीवरची आपली वादावादी मात्र साबण, चहा आणि चॉकलेटच्या कंपन्यांभोवती फिरत राहते. सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. दादाभाई नौरोजींनी त्याच काळात मांडलेला संपत्तीच्या गळतीचा हिशेब मात्र पाठ्यपुस्तकातच राहिला. दादाभाई शिक्के बघत नव्हते, बाहेर जाणारी रक्कम मोजत होते.

आपणही रक्कमच मोजू. 2023-24 च्या सरकारी पाहणीनुसार शहरातला माणूस महिन्याला सरासरी 6,996 रुपये खर्च करतो आणि त्यातले जवळपास 40 टक्के खाण्यापिण्यावर. खेड्यातला 4,122 रुपये खर्च करतो, त्यातले 47 टक्के. म्हणजे चौघांच्या शहरी घरात खाण्याचे महिन्याला अकरा हजार रुपये. यातले देशात किती राहतात?

बहुराष्ट्रीय कंपनीपासून सुरुवात करू, कारण तिच्यावर राग काढणं सोपं असतं. हिंदुस्तान युनिलिव्हरची जवळपास 62 टक्के मालकी लंडनच्या पालक कंपनीकडे आहे. जानेवारी 2023 मध्ये पालक कंपनीला द्यायची रॉयल्टी आणि सेवाशुल्क विक्रीच्या 2.65 टक्क्यांवरून तीन वर्षांत 3.45 टक्क्यांवर नेण्याचं ठरलं. कंपनीच्या शंभर रुपयांच्या विक्रीमागे निव्वळ नफा सोळा-सतरा रुपये उरतो आणि तो बहुतेक सगळा लाभांश म्हणून वाटला जातो. रॉयल्टी आणि लाभांश मिळून शंभरातले तेरा-चौदा रुपये लंडनला जातात. रक्कम लहान नाही. नेस्ले इंडियाने रॉयल्टी 4.5 वरून 5.25 टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा मे 2024 मध्ये भागधारकांनीच तो हाणून पाडला, हे बरं झालं. तरीही हिंदुस्तान युनिलिव्हरच्या रेड लेबल चहाच्या पुड्यातले उरलेले शहाऐंशी रुपये चहाचे मळे, कामगार, कारखाना, वितरक, जाहिरातवाले आणि सरकार यांच्यात, म्हणजे मुख्यतः इथेच, फिरतात.

आता डबा उघडा. ऑक्टोबर 2025 ला संपलेल्या तेलवर्षात भारताने सुमारे 1 कोटी 60 लाख टन खाद्यतेल आयात केलं आणि त्यासाठी सुमारे 1 लाख 61 हजार कोटी रुपये मोजले. किलोला शंभर रुपये पडले. हेच तेल दुकानात प्रकारानुसार सव्वाशे ते एकशे साठ रुपयांना मिळत होतं. म्हणजे शंभरातले बासष्ट ते ऐंशी रुपये बंदरावरच परके झाले. पाम तेलाचे इंडोनेशिया-मलेशियाला, सोयाबीन तेलाचे अर्जेंटिना-ब्राझीलला, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनला. डब्यावर देशी नाव असो की जेमिनीसारखं अमेरिकन कारगिलचं, या भागात फरक पडत नाही. माणशी वर्षाला साडेअकराशे रुपये होतात, चौघांच्या घरात महिन्याला जवळपास 380. यात हॉटेलातलं आणि फरसाणवाल्याच्या कढईतलं तेलही आलं. बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. मैदा, साखर आणि तिसरं नाव बहुधा पाम तेल. कंपनी अस्सल देशी, स्निग्धांश सुमात्राचा.

हे नेहमीच असं होतं असं नाही. 1986 मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली. हमीभाव, बियाणं, सहकारी खरेदी आणि आयातीवरचा लगाम या सगळ्यांनी मिळून 1993-94 पर्यंत आयात गरजेच्या तीन टक्क्यांवर आणून ठेवली. मग 1994 मध्ये पामोलीनची आयात खुली झाली. त्या वेळी 65 टक्के असलेलं शुल्क 1998 मध्ये 15 टक्क्यांवर आलं. स्वस्त तेल गरिबाच्या पोटात गेलं, हे नाकारता येणार नाही. त्याच काळात आपल्या घाण्या बंद पडल्या आणि सोलापूर-मराठवाड्यातली करडई शेतातून हटली, हेही खरं. सोयाबीनने जागा भरली म्हणावं, तर सोयाबीनमधून तेल निघतं शंभर किलोला अठरा-वीस किलो. बाकीची पेंड कोंबड्यांना जाते.

डाळीची गोष्ट याहून सौम्य. तुरीचं देशी उत्पादन 35 लाख टनांच्या आसपास असतं आणि 2024-25 मध्ये सुमारे 12 लाख टन बाहेरून आली. मोझांबिकशी तुरीचा करार 2016 मध्ये झाला. मलावी, टांझानिया, म्यानमारचाही माल येतो. म्हणजे वरणाच्या चार वाट्यांमधली एक परदेशी. आयात मसूर मुख्यतः कॅनडा-ऑस्ट्रेलियाची. पण इथली तूर घेतली तर पैसा चांगला खोलवर मुरतो. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये काढलेल्या हिशेबानुसार ग्राहकाच्या रुपयातले तुरीच्या शेतकऱ्याला 65 पैसे मिळतात, हरभऱ्याच्या शेतकऱ्याला 75. टोमॅटोवाल्याला फक्त 33 आणि कांदेवाल्याला 36. कांद्याचे उरलेले 64 पैसे देशातच राहतात, पण लासलगावच्या शिवारात राहत नाहीत. आडत, हमाली, तोलाई, गोणी, भाडं, सड, घाऊक आणि किरकोळ नफा अशा पायऱ्यांनी ते शहराकडे सरकतात. देशात राहणं आणि गावात राहणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. स्वदेशीच्या भाषणात दुसरा सहसा येत नाही.

या दुसऱ्या हिशेबात साखर सगळ्यांत उजवी. 2025-26 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला 355 रुपये होती. एका टनातून साधारण 102 किलो साखर निघते, म्हणजे किलोमागे चौतीस-पस्तीस रुपये नुसत्या उसाचे. दुकानात साखर पंचेचाळीसच्या आसपास होती. शेतकऱ्याच्या हातात मात्र पूर्ण एफआरपी पडत नाही. तोडणी-वाहतुकीचे टनाला आठशे-हजार रुपये कापून पट्टी निघते. ते पैसे बीडकडच्या कोयत्यांना, म्हणजे ऊसतोड मजुरांना, मुकादमाला आणि ट्रॅक्टरमालकाला जातात. कोयत्याच्या वाट्याला त्यातलं किती येतं हा लाजेचा विषय आहे, पण पैसा त्याच पट्ट्यात खेळतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जो सहकारी साखर कारखाना उभा केला, तो या एका कसोटीवर अजून उतरतो. साखर आणि दूध या दोन्हींच्या सहकारात प्रक्रियेची मालकी, निदान कागदोपत्री, उत्पादकाची आहे. दुधात ग्राहकाच्या रुपयातले सत्तरेक पैसे परत जातात ते यामुळेच.

अर्थात शंभर टक्के देशी काहीच नाही. ज्वारीच्या भाकरीतही पोटॅश असतो, आणि पोटॅश आपण जवळपास सगळा आयात करतो. टेम्पोतल्या डिझेलचं कच्चं तेलही बहुतेक बाहेरचंच. हा भाग ग्राहकाच्या हातात नाही.

ज्याच्या हातात आहे त्याचं वागणं बघा. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केलं. सोयाबीनवाल्याला वाटलं, आपली आठवण झाली. 30 मे 2025 ला, खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, तेच 16.5 टक्क्यांवर उतरवलं. महागाईचा आकडा खाली आला. शेतकऱ्याने पुढचं पीक कशाच्या भरवशावर निवडायचं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला आणि दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं.