पहाऱ्यापासून पाचशे वार

आज पडलेल्या खुनाचं मूळ जुन्या काळच्या मातीत सापडावं, ही रहस्यकादंबरीची घडण आपण सहसा परदेशी मानतो. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (1868) 1799च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून उगवते. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीतले लंडनचे खूनही अमेरिकेतल्या जुन्या वैरापाशी जाऊन पोचतात. पण या दोन्हींच्या आधीच्या एका कादंबरीला हिंगोलीची माती लागलेली आहे.

फिलिप मेडोज टेलर निजामाच्या चाकरीतला अधिकारी. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ 1839 साली आली. प्रस्तावनेत तो हिंगोली छावणीची हकिकत सांगतो, आणि ती मला पुढच्या कादंबरीहूनही भारी वाटते. हरिसिंग हा तिथला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार होता. जवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतोय हे ठाऊक असल्याने हरिसिंगने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून कापड आणण्याचा परवाना काढला. मग तो व्यापारी, त्याची माणसं, जनावरं हाकणारे, सगळे मारले आणि तेच कापड छावणीत राजरोस विकलं. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितलं, म्हणून हे कळलं. भर बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर वारांच्या आत, त्याच्या टोळीने माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे वारांवर, एका कोरड्या ओहळात पुरली. माफीचे साक्षीदार शांतपणे एकेक जागा दाखवत होते. शेवटी बघणाऱ्यांनाच सोसेना, तेव्हा खोदणं थांबलं.

उरलेले मृतदेह तिथेच राहिले. माझं मन या ओळीपुढे सरकत नाही.

कादंबरीतल्या ठग अमीर अलीला फार उशिरा कळतं की ज्याला तो बाप मानत आला त्यानेच त्याच्या आईबापांना मारलं होतं, आणि त्याने स्वतः जिचा गळा आवळला ती त्याची सख्खी बहीण होती. रचना विलक्षण आहे. पण बोलतो तो मारणाराच. ठगी हा खरोखर एवढा मोठा पंथ होता का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात, कारण पुराव्याचा मोठा भाग अशा कबुल्यांवरच उभा आहे.

कबुल्यांचा हाच प्रश्न पुढे याच मुलखात पुन्हा उभा राहिला. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे खून 1972 ते 1974मधले. तेव्हा हिंगोली त्याच जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा झाला तो 1999मध्ये. गुप्तधनाच्या लोभापायी बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींनी तपास केला. 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढेही प्रश्न आला तो हाच: माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं?

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचायला लावलं, ते ऋण मोठं आहे. पण त्यांचा नायक झुंजार मुंबईच्या रस्त्यांवरून धावतो. मराठवाड्याचा गुप्तहेर ओहळात उतरायला हवा. त्या कापडव्यापाऱ्याचं गाव हिंगोलीपासून फार लांब नव्हतं. माल छावणीत पोचला, विकला गेला, शिवून कुणाच्या तरी अंगावरही चढला. घरी मात्र त्याची वाट बघणं चालूच असणार. त्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू होणारी मराठी कादंबरी मला वाचायची आहे.