खजुराची साखर, कच्च्या केळ्याचा चोथा

रमजान लागला की कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या फुटपाथांवर खजुराचे ढीग दिसू लागतात. काही मऊ, काळपट, बोटाला चिकटणारे. काही पिवळसर आणि जरा कोरडे. इफ्तारचा पहिला घास खजुराचा, त्यामुळे गिऱ्हाईक चाखून, घासाघीस करून घेतं. जिभेला दोन्ही गोडच लागतात, पण ही गोडी एका जातीची नसते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मेदजूल या मऊ खजुराच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ६६ ग्रॅम साखर असते. त्यात ग्लुकोज ३४, फ्रुक्टोज ३२, आणि आपण चहात घालतो ती साखर, म्हणजे सुक्रोज, जेमतेम अर्धा ग्रॅम. देग्लेत नूर या निमकोरड्या जातीत एकूण साखर ६३ ग्रॅम. पण त्यात सुक्रोज तब्बल २४ ग्रॅम. मऊ जातींत इन्व्हर्टेज नावाचं विकर पिकतानाच सुक्रोजचे दोन तुकडे करून टाकतं.

हे विकर फळ प्रयोगशाळेत आलं म्हणून काम थांबवत नाही. गर वाटून तसाच ठेवला तर तपासणीआधीच आकडे बदलतात. म्हणून तो आधी गरम, ८० टक्के अल्कोहोलमध्ये घालून विकर निकामी करतात. ओलावा काढायचा तोही निर्वात भट्टीत, ७० अंशांच्या आसपास, कारण त्याहून जास्त तापलं की फ्रुक्टोज बिघडतं. पुढे एचपीएलसी यंत्र फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि सुक्रोज वेगवेगळं मोजून देतं. नाशिकचे द्राक्षबागायतदार रिफ्रॅक्टोमीटरवर जो ‘ब्रिक्स’ पाहतात तो मात्र रसात विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांचा अंदाज असतो. आम्लंही त्यात साखर म्हणून खपून जातात. बागेतला निर्णय घ्यायला तेवढं पुरतं.

साखर मोजण्याची विद्या मुळात व्यापाराची. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचं प्रतल वळतं हे बिओ यांनी १८१५ मध्ये दाखवलं. फेलिंग यांचं तांब्याचं निळं द्रावण १८४९ चं. ते उकळत ठेवून विटकरी होईपर्यंत त्यात साखरेचं द्रावण थेंबथेंब सोडण्याची लेन-आयनन पद्धत १९२३ ची. कारखाना आणि जकात दोघांनाही साखरेचा नेमका आकडा हवा होता. खिदिरपूरच्या सुरीनाम घाटावरचं ‘माई-बाप’ स्मारक याच साखरेच्या इतिहासातलं आहे. २६ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्याहून सुटलेलं ‘लल्ला रूख’ जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन ५ जूनला सुरीनामला पोहोचलं, मळ्यांवर राबण्यासाठी. चोथ्यासाठी, म्हणजे न पचणाऱ्या तंतूंसाठी, कोणी जहाजं सोडली नाहीत, आणि तो नीट मोजावा असंही बराच काळ कोणाला वाटलं नाही.

चोथा मोजण्याची रूढ पद्धत १९८५ ची, एओएसी या संस्थेची, क्रमांक ९८५.२९. नमुना उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला उष्णता सोसणाऱ्या विकराबरोबर शिजवतात, प्रथिनं आणि स्टार्च पचवतात, मग चौपट अल्कोहोल ओततात. जे साका होऊन खाली बसतं तो चोथा. त्यातून राख आणि उरलेलं प्रथिन वजा. इथे दोन चोरवाटा आहेत. फ्रुक्टोजच्या लहान साखळ्या अल्कोहोलमध्ये विरघळलेल्याच राहतात आणि गाळणीतून निघून जातात. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य म्हणून गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये ‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा दिली, ती अशाच पदार्थांना डोळ्यांसमोर ठेवून. पिकल्या केळ्यात १०० ग्रॅममागे हा ऐवज साधारण अर्धा ग्रॅम असतो, म्हणजे तसा थोडाच.

दुसरी चोरवाट मोठी आहे. कच्च्या केळ्याच्या सुक्या वजनाचा बहुतांश भाग स्टार्च असतो, आणि त्यातला बराचसा लहान आतड्यात पचत नाही. पण ९८५.२९ त्याला शिजवतं, शिजला की तो विकरांना शरण जातो, आणि चोथ्याच्या रकान्यात येतच नाही. म्हणून पुढे २००९.०१ ही पद्धत आली: ३७ अंश, स्वादुपिंडाचं विकर, १६ तास. गाळणीखाली गेलेल्या साखळ्याही तिच्यात एचपीएलसीवर पकडल्या जातात.

यावर बंगाली गृहिणी विचारेल, काँचकला, म्हणजे हे कच्चं केळं, न शिजवता खातं कोण? पोट बिघडलं की तिथे त्याचा पातळ झोल करतात, आणि उकळल्यावर त्या हट्टी स्टार्चचा मोठा भाग मऊ पडणारच. तरीही ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात झालेली, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहण्यासारखी आहे. रेंगाळलेल्या जुलाबांच्या ६२ मुलग्यांना, वय ५ ते १२ महिने, भाताचा आहार दिला. काहींच्या भातात शिजवलेलं कच्चं केळं, काहींच्यात पेक्टिन. तिसऱ्या दिवसापर्यंत केळ्यावरचे ५९ टक्के बरे झाले, पेक्टिनवरचे ५५, नुसत्या भातावरचे १५. मला तरी यातून दिसतं ते असं की स्वयंपाकघरात उरणारं काम प्रयोगशाळेच्या रकान्यात पुरतं मावत नाही.

देशाच्या नियमानुसार १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम चोथा असलेला घन पदार्थ ‘भरपूर तंतुमय’ म्हणवून घेऊ शकतो. मेदजूलमध्ये ६.७ ग्रॅम निघतो; म्हणजे दोन तृतीयांश साखर असलेलं हे फळ या कसोटीला आरामात उतरतं. मधुमेही माणसाने त्या शब्दांवर विसंबू नये, दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. आणि केळ्याच्या पिठाचं पाकीट विकणाऱ्याने अहवाल पुढे केला तर त्यात पद्धतीचा क्रमांक शोधावा: ९८५.२९ असेल तर चोथा कमी दाखवला गेला आहे, २००९.०१ असेल तर तो कच्च्या पिठाचा आकडा आहे, थालीपीठ भाजल्यानंतरचा नव्हे.