एकच ओटी, दोन अनुभव

ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांना एकमेकांबरोबरचं काम कसं वाटतं? अमेरिकेतल्या 60 रुग्णालयांत मार्टिन मकारी आणि सहकाऱ्यांनी हे विचारलं आणि 2006 साली उत्तरं प्रसिद्ध केली. नर्सबरोबरचं काम चांगलं जमतं, असं सर्जननी 87 टक्के वेळा सांगितलं. सर्जनबद्दल नर्सनी तसं म्हटलं ते 48 टक्केच वेळा. शस्त्रक्रियेतल्या सुरक्षिततेची गेली पंचवीस वर्षं मला या दोन आकड्यांतल्या अंतरामुळेच नीट कळतात.

हे अंतर जिवावर कसं बेततं, ते 2005 साली इंग्लंडमध्ये दिसलं होतं. वैमानिक मार्टिन ब्रोमिली यांच्या पत्नी एलेन सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालायची खटपट करत राहिले. एका नर्सनं ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट काढायचा, सेट आणून ठेवला, तसं सांगितलंही. दुसरीनं आयसीयूत बेड सांगून ठेवला. पण डॉक्टरांची नजर पाहून तिला वाटलं, आपलं जरा अतिच झालं, आणि तिनं तो रद्द केला. एलेन तेरा दिवसांनी गेल्या. काय करायला हवं हे काही नर्सना कळलं होतं, पण ते बोलायचं कसं हे कळत नव्हतं, असं चौकशीत पुढे आलं.

2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट आली. तिचं काम सर्जन अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली झालं. रुग्णाची ओळख, ऑपरेशनची जागा, अँटिबायोटिक, शेवटी मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि सुयांची मोजदाद हे सगळं तीत होतंच. मला मोलाचा वाटतो तो वेगळाच मुद्दा: चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. एकदा नाव सांगितलेली सिस्टर पुढे ‘सर, थांबा’ म्हणू शकते. दिल्लीसह आठ शहरांतल्या चाचणीत मृत्यूंचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांना यादी वेळखाऊ वाटली, पण स्वतःचं ऑपरेशन असेल तर ती वापरावी, असं 93 टक्के म्हणाले.

मग 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास आला. 101 रुग्णालयांत यादी लागू होऊनही मृत्यूंत म्हणावी तशी घट नव्हती. कारणांवर वाद झाले. माझं मत असं, की हुकूम काढून फॉर्मवर खुणा करून घेता येतात, पण मॉप एक कमी भरतोय असं सिस्टरनं सांगितल्यावर सर्जननं टाके घालायचे थांबवावेत, हे हुकुमानं होत नाही.