तलाव, माती आणि गांवची शांतता

नागपुराहून पूर्वेस निघून भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडली म्हणजे भूमीचें रूप पालटूं लागतें. कपाशीची काळी जमीन मागें पडते आणि धानाच्या बांध्या दिसूं लागतात. त्यांच्या वरच्या अंगास बहुधा मातीची एक पाळ असते, आणि पाळीमागें तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व कांहीं अंशीं नागपूर या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी दप्तरांत त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोकांनीं त्या लांबलचक नांवाचें 'मामा तलाव' असें सुटसुटीत रूप करून टाकलें आहे. भूमि बिघडली म्हणजे माणसांत तंटे कां माजतात, आणि ती सुधारली म्हणजे ते केव्हां मिटतात, हें समजून घेण्यास विदर्भांत याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनीं बांधले. जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा एका गोंड राजाचा दंडक होता, अशी आख्यायिका आहे. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. या प्रदेशांत पाऊस थोडा नाहीं. पण तो चार महिन्यांत पडून जातो, आणि धान भरण्याच्या सुमारास हस्त कोरडा गेला तर हातचें पीक जातें. त्या वेळचीं एकदोन पाणीं तलाव देत असे.

पाणी होतें तसेच त्याचे नियमही होते. पाळीची डागडुजी कोणीं करावी, मोरी केव्हां उघडावी, कोणत्या बांधीस आधीं पाणी द्यावें, ही वहिवाट ठरलेली असे, आणि बंदोबस्ताच्या वेळीं ती 'वाजिब-उल-अर्ज' नांवाच्या कागदांत नोंदली जाई. त्या व्यवस्थेस रामराज्य म्हणण्याचें कारण नाहीं. मालगुजाराचा वरचष्मा होता, वेठही होती. तथापि पाळ फुटली तर कोणाच्या दारीं जावयाचें, हें प्रत्येकास ठाऊक होतें.

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारच्या मालकीचे झाले. नागपूर तेव्हां मध्यप्रदेशाची राजधानी होती. मालगुजारी गेली हें योग्यच झालें; पण तिजबरोबर जबाबदारीही गेली. पाणी घेण्याचा हक्क लोकांकडे राहिला आणि पाळ राखण्याचें काम कचेरीकडे गेलें. पुढें १०० हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. हक्क एकाकडे आणि कर्तव्य दुसऱ्याकडे, अशी फारकत झाली म्हणजे वस्तूची जी गत होते तीच या तलावांची झाली.

वरच्या अंगाचें जंगल विरळ झालें कीं पावसाचा मारा उघड्या मातीवर बसतो. ती माती वाहून तलावांत येते. शेतास ती पारखी होते आणि तलावाचें पोट भरते. एकाच पावसानें दोघांचें नुकसान! तलाव उथळ झाला कीं कांठाचा भाग लवकर उघडा पडतो, आणि कोणी गरजू माणूस तेथें पेरणी करतो. आतां त्याला तलाव भरलेला नको असतो. खालच्या शेतकऱ्याला पाणी हवें असतें, तेंही आजच. ढिवराला मासे वाढावयाचे म्हणून उन्हाळ्यापर्यंत पाणी राखावयाचें असतें. तिघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं रास्त आहे. पाणी पुष्कळ होतें तोंवर तिघांचें जमे. तें आटलें कीं कोणी रात्रीं मोरी उघडतो, कोणी सांडवा फोडतो, आणि गोष्ट पोलीसचौकीपर्यंत जाते.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला म्हणजे देश पेटतात. सुदानांतील दार्फुर प्रांतीं अवर्षणानें कुरणें ओसाड होऊन पशुपालक व शेतकरी यांच्यांत वितुष्ट आलें होतें. २००३ सालीं तेथें जें युद्ध भडकलें त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक होय. २०१९ सालीं दिल्लीजवळ भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मरुभूमि-प्रतिबंधक परिषदेंत दक्षिण कोरियानें 'शांति-वन' योजना मांडली. तंटा असलेल्या शेजाऱ्यांनीं सरहद्दीवरील उजाड भूमि मिळून सुधारावी, असा तिचा आशय. भारतापुरतें पाहावयाचें तर इस्रोच्या पाहणीनुसार २०१८-१९ सालीं देशाची सुमारें ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे शेंकडा तीसच्या जवळपास भूमि अवनत झालेली होती.

तलाव सुधारावा कसा? २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना सुरू केली. कल्पना उत्तम, वाहून गेलेली माती तिच्या घरीं परत जाते. पण यंत्र हातीं आलें कीं माणसास खोदण्याचा मोह आवरत नाहीं. मोरीच्या तळाखालीं खणलें तर तें पाणी शेतास उपयोगी पडत नाहीं, आणि पाणवनस्पतींचीं मुळें व बीज उपटून निघाल्यानें माशांचा आसराही जातो. भंडारा-गोंदियाकडील ढिवरांच्या सहकारी संस्थांनीं व त्यांच्या स्त्रियांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं बेशरमाचीं झुडपें हातांनीं उपटलीं व देशी पाणवनस्पती पुन्हां लावल्या. काम मंद, पण मासे परतले.

तथापि माती परत आली म्हणजे शांतता आपोआप येते असें नाहीं. तलाव भरल्यावर वांटा कोणाचा, हा प्रश्न उलट अधिक तीव्र होतो. या बाबतींत गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवाची रीत अभ्यासण्याजोगी आहे. ज्या जिल्ह्यांत नक्षलवादी चळवळीनें अनेकांचे बळी घेतले, तेथें जंगलावरील हक्क हिरावल्याचा सल हें असंतोषाच्या कारणांपैकीं एक होतें. मेंढ्याच्या लोकांनीं शस्त्र धरलें नाहीं. सर्वांच्या संमतीखेरीज निर्णय करावयाचा नाहीं असा नियम करून कायद्याचा अभ्यास केला. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ सालीं बांबू विकण्याचा अधिकारही मिळाला. तोडावयाचें किती आणि राखावयाचें किती, हें आतां ज्याला राखावयाचें तोच ठरवितो.

मामा तलावांच्या गांवांस असा कागद नव्यानें मिळविण्याची बहुधा गरजही नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें विदर्भासाठीं निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोन्ही नोंदी कायम ठेवल्या आहेत. गाळ काढणारें यंत्र पाळीवर येण्यापूर्वीं तहसिलींतून त्यांच्या नकला आणाव्या, त्या ग्रामसभेंत मोठ्यानें वाचाव्या, आणि त्या वेळीं ढिवर, खालचा शेतकरी आणि कांठावर पेरणी करणारा, तिघांसही बसवून घ्यावें.