वाळूतलं विरजण

पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमेतून उजनीत. तेच पाणी पुढं सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हंड्यात भरलं जातं. म्हणून आज बोलायचंय वाळूच्या गाळणीबद्दल. तिला बायोसँड फिल्टर म्हणतात.

नदी एकच, गावं दोन, अशी एक जुनी गोष्ट आहे. जर्मनीत १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकी आली आणि साडेआठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना मात्र बरंचसं वाचलं. खरं तर आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण पोटात घेऊनच पाणी त्यांच्याकडं यायचं. पण ते पाणी वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेत होते आणि हॅम्बुर्गवाले तसंच पीत होते.

वाळू कचरा अडवते हे आपल्याला ठाऊक आहेच. पण खरं काम करतो तो वाळूच्या अगदी वर धरणारा पातळ, बुळबुळीत थर. त्यात सूक्ष्म जीव असतात. पाण्यातून आलेले रोगाचे जंतू तिथं अडकतात आणि हे जीव त्यांना खाऊन टाकतात. दुधात विरजण लावतो तसंच हे, जिवंत जंतूंकडून काम करून घेणं. फक्त दही एका रात्रीत लागतं आणि हा थर नीट धरायला तीन ते चार आठवडे जातात. तोवर गाळणीचं पाणी उकळूनच प्यायचं.

घरगुती गाळणी म्हणजे कमरेएवढं सिमेंटचं किंवा प्लॅस्टिकचं उभं भांडं. तळाला खडी, वर बारीक खडी आणि त्यावर हातभर तरी धुतलेली, चाळलेली बारीक वाळू. वाळूवर कायम चार-पाच सेंटिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, म्हणून बाहेर येणाऱ्या नळीचं तोंड वाळूपेक्षा तेवढंच वर ठेवतात. त्या नळीला तोटी बसवू नका. पाणी वरून धबाधबा पडू नये म्हणून छिद्रांची ताटली असते. ती काढली, की थराला खड्डा पडलाच. पाणी बारीक धारेनं येतं, घागर भरायला वेळ लागतो. सावकाशपणातच तिचं काम आहे, घाई करून चालत नाही. रोज पाणी घालायचं, दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडायचा नाही, नाहीतर थर उपाशी मरतो.

आता आपल्या सवयीचं सांगतो. दिवाळी आली की आपण घासूनपुसून सगळं लख्ख करतो. ही गाळणी मात्र रिकामी करून वाळू धुतली, तर महिन्याची कमाई मोरीत गेली. धार फारच मंदावली तरच वर पाणी घालून बोटांनी वरची वाळू हलकेच गोल ढवळायची आणि गढूळ पाणी मगानं काढून टाकायचं. बस्स. मंगळवेढ्याकडच्या काळ्या मातीचं गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. हिरवट, शेवाळलेल्या पाण्यानंही गाळणी लवकर तुंबते.

टँकरच्या दिवसांत मात्र जपायला हवं. टीसीएल पावडर टाकलेलं पाणी गाळणीत ओतलं, तर ते जंतू मारणारं औषध आपलेच कामाचे जीव मारतं. तसलं पाणी झाकलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवा. आणि गाळणीत रोज थोडं आडाचं किंवा विहिरीचं पाणी घालत राहा. औषधाचे थेंब घालायचे ते गाळून झाल्यावर, खालच्या भांड्यात, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. अर्धा तास थांबून मग प्या. हे थेंब घालाच, कारण गाळणी बरेचसे जंतू काढते, सगळे नाही. लहान लेकरू जुलाबानं सुकायला दोन दिवस पुरतात.

गाळणीला न जमणारंही आहे. बोअरच्या पाण्यातला फ्लोराइड, क्षार, खताचा नायट्रेट यांतला काहीच ती काढत नाही. म्हणून गटानं वर्गणी काढण्याआधी पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलंय. तुमच्या गावातल्या त्या कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा आणि गटाच्या पुढच्या बैठकीला त्यांना तपासणीच्या पेटीसकट बोलवा.